गलबत्यांचा खांदा

हसा, हसा. पोफळसईचा शिमगा पहिल्यांदा बघणारा हसतोच, आणि आमच्या वाघजाईला हसण्याचा राग येत नाही. आता हसून झालं असेल तर या दगडी गडग्यावर टेका जरा. पालखी खोतांच्या बेड्याबाहेर, म्हणजे आवाराच्या फाटकाबाहेर, थांबली आहे आणि ती इतक्यात काही हलत नाही. का हलत नाही तेही कळेल.

तुम्ही हसलात ते त्या पुढच्या उजव्या खांदेकऱ्याला. बाकीचे तिघे ताठ चालतात आणि हा एकटा गुडघ्यात वाकून, परसाकडे निघाल्यासारखा. त्यातून तो मूळचाच बुटका, त्यामुळे पालखी त्याच्या बाजूला कलते आणि मागचे त्याला शिव्या घालतात. तरी वाकायचंच. दरवर्षी कोणीतरी शहाणा विचारतो, बाबा, तू कशाला वाकतोस, तुला तर टाचा उंच करायला हव्यात. पण आमच्याकडे उजवा पुढचा खांदा गलबत्यांचा, आणि गलबत्यांचा खांदा वाकलेलाच असतो. ही रीत एका साहेबानं पाडली, असं सांगतात.

कंपनी सरकारच्या अमदानीतली गोष्ट. त्या वेळी खालच्या वाडीत ठकू नावाची एक म्हातारी राहायची. पटकीच्या एका साथीत तिचा नवरा गेला आणि पाठोपाठ लग्नाचा मुलगा लखू गेला. मागे राहिल्या चार शेळ्या आणि ठकू. बाई जिभेची तिखट होती म्हणे. शेळ्यांशी भांडायची, वाटेच्या दगडाला ठेच लागली तर त्याच्या सात पिढ्या काढायची. रडताना मात्र तिला कोणी बघितलं नाही. फक्त शिमग्यात एक दिवस तिची बोलती बंद व्हायची.

त्याचं कारण गावची रीत. ज्या घरचा पुरुष पालखीला खांदा देतो त्याच घरी पालखी थांबते, असा नेम होता. ठकूच्या घरात खांदा उरला नव्हता. तरी दर शिमग्याला ती अंगण सारवायची, रांगोळी घालायची, ओटीचं सूप भरून उंबऱ्यावर उभी राहायची. ढोल जवळ यायचा, पालखी बेड्यापर्यंत यायची आणि तशीच पुढे शेजारी जायची. ठकू सूप उचलून आत ठेवायची. मरायच्या आत पुन्हा एकदा देवी आपल्या अंगणात यावी, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही तिनं देवीकडे मागितलं नाही, आणि गावाकडे तर नाहीच नाही.

अशात तो साहेब आला. समोरचा तो उघडा डोंगर दिसतो ना, त्याला आजही कॉफीचा माळ म्हणतात. तिथं कॉफीचं झाड औषधालासुद्धा सापडायचं नाही. साहेबाला सरकारनं तो डोंगर मळा करायला दिला होता. त्यानं रोपं लावली आणि वानरांनी उपटली. त्यानं पुन्हा लावली, वानरांनी पुन्हा उपटली. वानरं गावाची जुनी, साहेब नवा. उंची अशी की गावातल्या प्रत्येक घराच्या चौकटीला त्याच्या कपाळाची ओळख झाली. केस तांबडे, आणि लाजला, रागावला किंवा उन्हात उभा राहिला की कान लालबुंद व्हायचे. नाव गालब्रेथ. ते गावाच्या जिभेवर बसेना. गलबतातून उतरलेला माणूस, म्हणून गावानं त्याला गलबत्या करून टाकलं.

त्याला कोणी इंग्रज म्हटलं की तो भडकायचा. त्याचा देश स्कॉटलंड, इंग्रजांच्या डोक्यावरचा. तिथल्या माणसाला इंग्रज म्हणणं म्हणजे शिवी. पण हे आमच्या लोकांना कोण सांगणार? पहिल्याच दिवशी पारावर कोणीतरी "इंग्रज आला" म्हणालं, तसा हा छाती बडवून ओरडला, "स्कॉट! स्कॉट!"

लोकांनी ऐकलं, "खोत! खोत!"

झालं! गावचे खोत होते केसोबा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गावचा सारा त्यांच्या हातून जायचा, पहिला नारळ त्यांना मिळायचा, पालखीत पहिला मान त्यांचा. आणि हा तांबड्या केसांचा ताडमाड गडी येतो काय, सगळ्या गावासमोर छाती बडवून आपणच खोत म्हणतो काय! एका गावात दोन खोत कसे राहणार? तेव्हापासून साहेबाला गावाबाहेर कसा काढावा, याशिवाय केसोबांना दुसरा विचार सुचेना.

पावसाळ्यात साहेबाला हिवतापानं धरलं. नोकर आधीच पळाले होते. माळावरच्या खोपटात तो एकटाच कण्हत पडला होता. शेळ्या हुडकत ठकू तिथवर गेली आणि दारातून डोकावली.

"जिवंत हायस काय रं?"

"आय," साहेब म्हणाला.

"पानी पायजे?"

"आय."

"लय दुखतंय काय?"

"आय… आय…"

आता तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला ठाऊक असेल. त्या लोकांत होय म्हणायचं झालं की 'आय' म्हणतात. ठकूला कुठलं ठाऊक? तिच्या मुलखात आय म्हणजे आई. एवढा दांडगा बाप्या, सात समुद्रांपलीकडे तापानं फणफणून आईला हाका मारतोय, असं तिला वाटलं. लखूसुद्धा शेवटी आय, आय म्हणतच गेला होता.

"आली रं बाबा, आली," ती म्हणाली.

चार माणसांना शिव्या देऊन तिनं डोली करायला लावली आणि साहेबाला घरी आणलं. येताना चौकटीला त्याचं कपाळ आपटलंच. शुद्ध आल्यावर तिनं त्याला मीठ घालून उकड्या तांदळाची पेज पाजली. पहिला घोट घेतल्यावर तो गडी ढसाढसा रडायला लागला. त्याच्या घरीही म्हणे सकाळी अशीच मीठ घातलेली पेज असायची, दुसऱ्या कुठल्याशा धान्याची. ठकूला वाटलं, मीठ जास्त झालं.

साहेब बरा झाला, पण माळावर परत गेला नाही. ठकूच्या पडवीत राहू लागला, लाकडं फोडू लागला, शेळ्यांमागे जाऊ लागला. आणि हळूहळू ठकूच्या ध्यानात एक गोष्ट आली. "ताक देऊ?" म्हटलं की आय. "कोंबड्या झाकल्यास?" आय. एकदा शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "सायब, पाऊस पडंल काय?" तरी आय! म्हाताऱ्याला कोण आय म्हणेल? ठकू काही खुळी नव्हती. साहेबाचं आय म्हणजे आपलं होय, हे तिनं ओळखलं. पण ती कोणाला बोलली नाही. तो आय म्हणायचा आणि तिच्या तोंडून आपसूक "ओ" निघायची. इतक्या वर्षांनी घरात कोणाला तरी ओ देता येत होती. ती सवय तिला मोडवेना.

मग शिमगा आला. होम झाला, देवीची रुपी, म्हणजे चांदीचा मुखवटा, पालखीत बसली, गाव सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यापाशी, जमलं. केसोबांनी हीच वेळ साधली. ते भिवा गुरवाला म्हणाले, "हा परका माणूस कोणाच्या नात्यानं गावात राहतो? देवीसमोर होऊन जाऊ दे." देवीसमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

केसोबा बेरकी. त्यांनी प्रश्नच असा घातला की सुटका नको. ठकूकडे बोट दाखवून त्यांनी साहेबाला विचारलं, "ही म्हातारी तुझी कोणी लागत नाही, खरं की नाही?"

साहेबाला एवढा लांबलचक प्रश्न काय कळणार! 'खरं' एवढा शब्द त्याच्या ओळखीचा. कान लाल झाले. मान हलवून तो म्हणाला, "आय."

एकच गलका उठला. "आय म्हनला! देवीम्होरं आय म्हनला!" बायांनी डोळ्याला पदर लावले. केसोबा "अरे, नीट ऐका" म्हणत राहिले, पण त्यांचं ऐकतो कोण. भिवा गुरवानं निवाडा दिला. साहेब ठकूचा मुलगा, म्हणून ठकूच्या घरी खांदा आहे, म्हणून पालखी ठकूच्या घरी जाणार. कोणीतरी साहेबाला ओढून पुढचा उजवा खांदा दिला. तो उभा राहिला मात्र, पालखी एका अंगाला अशी कलली की रुपी घसरायला लागली.

"वाक! वाक, मेल्या!" भिवा ओरडला.

साहेब गुडघ्यात वाकला आणि तसाच चालायला लागला. सहाणेपासून खालच्या वाडीपर्यंत, चढ म्हणू नका, उतार म्हणू नका. पोरंसोरं लोळून हसत होती म्हणे.

ठकू आडवाटेनं धावत घरी पोचली होती. अंगण सारवलेलं होतं, सूप भरलेलं होतं. ढोल जवळ आला, पालखी बेड्याशी आली, आणि या वेळी पुढे न जाता आत वळली. इतकी वर्षं जे मागितलं ते चालत दारात येत होतं. आणि तिचा पायच उंबऱ्यावरून हलेना. सगळ्या गावात तिला एकटीला ठाऊक होतं, साहेबानं काय म्हटलं ते. केसोबांनी विचारलं, ही तुझी कोणी नाही ना, आणि तो म्हणाला, होय.

गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. पण ती दोन्ही हात आडवे करून अंगणात उतरली.

"थांबवा," ती म्हणाली. "देवी खोट्यावर माज्या दारात नको. ह्याच्या बोलीत आय म्हंजे होय. मी ह्याची कोन न्हाय, असंच त्यानं सांगितलंय. मला ठावं होतं आनि मी बोलली न्हाय. न्या पालखी म्होरं."

ढोल थांबला. केसोबांचा जीव भांड्यात पडला. "बघा, मी सांगत होतो," ते म्हणाले. पालखी मागे फिरवायला लोक वळले, पण एक खांदा वळेना. साहेब होता तसा वाकून उभा राहिला. कान पळसाच्या फुलासारखे झाले होते.

तेव्हा भिवा गुरव पुढे आला. त्यानं साहेबाला अगदी सावकाश, लहान पोराला विचारावं तसं, बोट दाखवून विचारलं, "ही. तुझी. कोन?"

साहेबानं ठकूकडे बघितलं. शेजारची पोरं दिवसभर अंगणात आये, आये करत असायची, ते त्याच्या कानावर होतंच.

"आय," तो म्हणाला.

"पुन्हा तेच!" केसोबा ओरडले. "अहो, तो होय म्हणतोय!"

"खोतानू," भिवा म्हणाला, "कोन ह्या सवालाला होय असा जबाब असतो काय?"

गावात हशा पिकला. तरी भिवानं देवीला कौल लावला, उद्या कोणी बोट ठेवायला नको म्हणून. देवीनं उजवा, म्हणजे होकार, दिला. पालखी अंगणात उतरली आणि ठकू तिच्यासमोर बसून मोठ्यानं रडली. साहेब कमरेवर हात ठेवून ताठ व्हायला बघत होता, पण गुडघे सरळ होईनात. शेवटी ती डोळे पुसून म्हणाली, "अजून वाकलायस कशाला, मेल्या? ये, पेज पी." आणि तो उंबरा ओलांडताना पुन्हा चौकटीला आपटला.

साहेब पुन्हा आपल्या देशी गेला नाही. ठकूनंच खाडीपलीकडची एक मुलगी बघून त्याचं लग्न लावलं. त्या लग्नावरून गावात दोन तट पडले होते, म्हणून तो विषय आम्ही जेवताना काढत नाही. गावातले सगळे गलबते त्याचेच. तुम्ही त्यांचे डोळे बघू नका, घारे डोळे कोकणात पैशाला पासरी. गलबत्या ओळखायचा तो कानावरून.

ठकू त्यानंतर पुष्कळ शिमगे जगली. जाताना तिनं साहेबाकडून एकच शब्द घेतला. आपल्यासारखं सूप भरून कोणी उंबऱ्यावर उभी असली, तर तिच्या दारावरून पालखी पुढे जाता कामा नये. म्हणून आजही पोफळसईत ज्या घरात खांदा द्यायला पुरुष नाही, तिथं गलबत्यांपैकी एक जण जातो आणि वाकून खांदा देतो. गुरव उंबऱ्यावरच्या बाईकडे बोट दाखवून विचारतो, ही तुझी कोण? आणि त्यानं सांगायचं, आय. बाई कोण, कुठल्या वाडीची, हे बघायचं नाही. इथं दार चुकत नाही.

कोण हाक मारतंय? हो, हो, येतो म्हणावं!

तर खोतांची पालखी का अडली ते सांगायचं राहिलं. केसोबांच्या वंशातले सगळे पुरुष परदेशी जाऊन बसले. एवढ्या मोठ्या घरात एकट्या खोतीणबाई राहतात. सकाळपासून सूप भरून उभ्या आहेत. आणि खोतांच्या घरचा खांदा गलबत्यांतल्या वडीलधाऱ्यानंच द्यायचा, असा नेम आहे.

धरा ती माझी काठी. खोतीणबाई माझ्याहून चांगल्या नऊ वर्षांनी लहान आहेत, शाळेत असताना मी याच घरच्या कैऱ्या चोरल्या आहेत, आणि आता चारचौघांत, देवीसमोर, त्यांच्याकडे बघून सांगायचं की ही माझी आय. दरवर्षी त्या गालातल्या गालात हसतात आणि मोठ्यानं "ओ" देतात.

आणि तुम्ही माझ्या कानांकडे काय बघताय? ऊन लागलंय.