ढगांमधली फट

फार जुन्या काळी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका राज्यात वेताची आणि कापडाची चिमुकली विमानं होती. त्या काळी विमानं कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीत असतात ती.

त्या राज्यात दऱ्या फार, रस्ते नाहीत. अडल्यानडल्याकडे मदत जायची ती विमानातूनच. वैमानिकांचा एकच दंडक होता: गडगडणाऱ्या ढगाच्या वाटेला जायचं नाही, त्याला लांबून वळसा घालायचा.

एके दिवशी दुपारी एक म्हातारी सुईण धापा टाकत विमानांच्या माळावर आली. पलीकडच्या डोंगरावर तिची लेक अडली होती. मूल आडवं आलं होतं. वैमानिक बाईने तिला मागे बसवलं, पट्टा आवळला आणि लगेच विमान उडवलं.

अर्ध्या वाटेवर दोन काळेकभिन्न ढग उभे होते. दोघांच्या मधे निळ्या आभाळाची फट, आणि फटीतून लेकीचा डोंगर उन्हात लख्ख दिसत होता.

"घाल की त्यातनं!" सुईण ओरडली.

वैमानिक बाईने विमान बाजूला वळवलं.

"अगं, माझी लेक तिकडं तडफडतीय आणि तू मला देशाटन घडवतीस? भित्री कुठली!"

शेजारून एक घार चालली होती. तीही हसली. "पंख उसने असले की असंच व्हायचं. मी पुढे जाऊन तुमची वाट बघते." असं म्हणून ती फटीत शिरली.

वैमानिक बाईचा हात जराही हलला नाही. तिने विचारलं, "मावशी, मूल आडवं आलं की तुम्ही ओढता का हो?"

"ओढलं तर दोघंही जातात. पोटावर हात ठेवून दमानं वळवावं लागतं."

"आणि घरचे घाई करायला लागले तर?"

"त्यांना उंबऱ्याबाहेर काढते!"

"इथं मला तुम्हाला बाहेर काढता येत नाही. तेव्हा गप्प बसा."

सुईण गप्प बसली. बहुधा जन्मात पहिल्यांदाच!

तेवढ्यात फट मिटली. आत वीज कडाडली, गारांचा मारा सुरू झाला, आणि ओल्या फडक्यासारखी दरीत कोसळणारी घार दोघींनी पाहिली. सुईणीने डोळे मिटून घेतले. विमान मात्र लांबच्या उन्हातून संथपणे चाललं होतं.

पोचेपर्यंत दिवस कलला. लेकीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. सुईणीने हात धुतले, पोट चाचपलं आणि मूल हळूहळू वळवलं. दिवेलागणीला घरात रडण्याचा आवाज घुमला, आणि बाहेर उभ्या असलेल्या वैमानिक बाईने डोळे पुसले.

"आई, किती गं उशीर केलास!" लेक क्षीण आवाजात म्हणाली.

सुईण म्हणाली, "उशीर केला म्हणून तर आले, बाळा."

तात्पर्य: ज्याला खरोखर पोचायचं असतं, तो वळसा घ्यायला लाजत नाही.