यामीनची कुऱ्हाड

यार्देन नदीच्या पलीकडे डोंगरमाथ्यावर लेव्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात हशब्या महाराज राहत. लेवी म्हणजे देवाच्या सेवेकऱ्यांचं कुळ. इस्राएलच्या बाकी कुळांना वतनं मिळाली, शेतं मिळाली. लेव्यांना मात्र ठिकठिकाणी नुसती गावं आणि भोवती गुरांपुरतं कुरण. लोकांनी पिकाचा दशमांश द्यावा, यांनी लोकांना देवाचा नियम शिकवावा. महाराजांच्या गावावर आणखी एक भार होता. ज्याच्या हातून नकळत माणूस मेलं, त्याने इथे धावत यावं. वेशीत वडीलमंडळी त्याचं म्हणणं ऐकत. पूर्वीचं वैर नव्हतं असं ठरलं, तर गाव त्याला पोटाशी धरी. मग सूड घेणाऱ्याचा हात त्याला लागत नसे.

त्याच वाटेवर यामीन धावत होता, आणि त्याच्या डोक्यात नुसता जाळ होता.

काल त्याचा धाकटा भाऊ ओहाद रानात लाकडं तोडायला गेला होता. सोबतीला होता शोबाल, घाव घालता घालता देवाची स्तोत्रं गाणारा गरीब लाकूडतोड्या. "देव काय बहिरा आहे का रे?" म्हणून यामीन नेहमी त्याची टर उडवी. त्याच शोबालच्या कुऱ्हाडीचं पातं निसटलं आणि ओहादच्या कपाळात बसलं. शोबाल जीव घेऊन पळाला.

"निसटलं म्हणे!" यामीन दातओठ खात होता. त्याने तेच पातं उचलून आणलं होतं. नवा दांडा घातला, पाचर ठोकली, लाकूड फुगावं म्हणून पाण्यात बुडवून ठेवलं. नीट बसवलेलं पातं कधी आपोआप निसटतं? ज्या लोखंडाने भाऊ मेला, त्याच लोखंडाने हाही मरेल!

गावाच्या कुरणात त्याने शोबालला गाठलं. पाय सुजलेला, गवतातून सरपटत चाललेला. वेस समोर दिसत होती.

"गा आता! गा की! बघू कोण ऐकतं ते!"

तेवढ्यात गुरं चारणारे एक वृद्ध दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. तेच हशब्या महाराज.

"बाजूला हो, म्हाताऱ्या!"

महाराज म्हणाले, "बाळा, आधी पाणी पी. घसा सुकलाय तुझा."

"पाणी? माझी आई कालपासून मातीत लोळतेय, आणि मी पाणी पिऊ? आमच्या धान्यावर जगता नि आमच्याच खुन्यांना पोसता! वेस तिकडे आहे. हे नुसतं कुरण आहे."

"कुरणही गावाचंच रे. तो खुनी आहे का, ते वेशीत ठरू दे. तूही चल."

"काय ठरायचंय? पातं आपोआप निसटत नाही! हे बघ, मी बसवलंय!" असं ओरडत यामीनने महाराजांच्या खांद्यावरून शोबालवर घाव घातला.

आणि भाविकहो, पातं निसटलं! थेट महाराजांच्या कपाळावर!

"नको! मी मुद्दाम नाही..." यामीन किंचाळला. शोबालही हेच ओरडला होता, असं रानातली माणसं सांगत होती. यामीनने ऐकून घेतलं नव्हतं.

काय ही परमेश्वराची करणी! लोखंड कपाळाला टेकलं आणि वाळकं पान गळावं तसं गवतात पडलं. साधा ओरखडा नाही!

पण आता महाराजांचा आवाज चढला. "बोल! मी मेलो असतो, तर माझा मुलगा कुऱ्हाड घेऊन तुझ्यामागे लागला असता. कुठे पळाला असतास?"

यामीनने वेशीकडे पाहिलं. हातात नुसता दांडा होता. तो त्याने फेकून दिला. मग वाकून शोबालला पाठीवर घेतलं. "हलू नकोस. अजून राग आहे तुझ्यावर."

वेशीत वडीलमंडळींनी यामीनलाच विचारलं, "या दोघांत पूर्वीचं वैर होतं?"

शोबालने डोळे मिटले. 'होतं' एवढं म्हटलं की त्याचा जीव यामीनच्या हाती येणार होता.

"नव्हतं," यामीनचा आवाज फुटला. "ओहादला याची गाणी आवडायची. म्हणून तर रानात यालाच सोबत न्यायचा. हसायचो तो मी."

एवढं बोलून त्याने महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो मोठ्याने रडला. कालपासून तो रडलाच नव्हता. महाराजांनी त्याला उठवलं, पाण्याचं मडकं पुढे धरलं.

यामीन घटाघटा प्यायला. मग उरलेलं पाणी त्याने शोबालपुढे केलं.