सुपडूआप्पाचं परदेशी कार्ड

एका गावात एक भोळा केळीवाला होता. रावेरकडचा. नाव सुपडू. केळीचा घड नुसता बघून वजन सांगायचा, ते चुकायचं नाही. बाकी सगळं चुकायचं. त्याला जे सांगावं ते तो करायचा. अगदी तसंच करायचा. तिथंच घोटाळा व्हायचा.

सुपडूची लेक प्रतिभा सिंगापूरला दिलेली. तिला मुलगा झाला. बारशाला आजी-आजोबांनी यावं, असा निरोप आला. जावई किरणराव फोनवर म्हणाले, "मामा, पैशांची काळजी नको. माझं कार्ड आहे."

सुपडू ताठ झाला. "नातवाचा पाळणा आजोळचा. आणि पैसे जावयाचे? लोक काय म्हणतील?"

म्हणजे स्वतःचं कार्ड हवं. परदेशात चालणारं. त्याची बायको कौतिकाबाई म्हणाली, "जळगावला जा नि घेऊन या. पण कुठलीही वस्तू घेताना ठोकून-वाजवून घ्यावी. भुलू नका."

सुपडू जळगावच्या मोठ्या बँकेत गेला. टाय लावलेला साहेब पुढं आला. विमानतळावर फुकट जेवण, खरेदीवर पॉइंट, पॉइंटांवर बक्षीस, असं पुष्कळ बोलला. मग त्यानं नमुन्याचं कार्ड सुपडूच्या हातात दिलं. सुपडूनं ते कानाशी धरलं. बोटाच्या पेरानं टकटक केलं. मग टेबलाच्या कडेवर आपटलं. मग साहेबाच्या काचेच्या पेल्यावर.

पेला फुटला.

"काका, हे काय करताय?"

"बद्द वाजतंय," सुपडू म्हणाला. "तडा गेलाय बहुतेक. दुसरं काढा."

रखवालदारानं त्याला दारापर्यंत पोचवलं.

कौतिकाबाईनं कपाळावर हात मारला. "अहो, कार्ड म्हणजे काय मडकं आहे? ही माणसं तोंडावर गोड बोलतात. त्यावर जायचं नाही. आत काय लपवलंय ते खोदून खोदून विचारायचं. वर्षाला किती पडतं? मध्येच सोडलं तर दंड किती?"

"असं होय!" सुपडू म्हणाला. त्यानं ते पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओंकार पाटलांकडे त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. चार वडीलधारी हवीत म्हणून सुपडूला बोलावलं. पोहे आले. मुलाचे वडील गोड बोलू लागले. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी पक्की आहे, स्वभाव गरीब आहे.

सुपडू पुढं सरकला. "हे गोड बोलणं राहू द्या. आत काय लपवलंय?"

"अं?"

"हा वर्षाला किती पडतो? आणि मध्येच सोडला तर दंड किती?"

पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. चहाला थांबले नाहीत. ओंकार पाटलांनी त्या दिवसापासून कुंपणावरून बोलणं बंद केलं.

कौतिकाबाई म्हणाली, "अहो, चार माणसांत असं विचारतात का? तिथं हसून बसायचं. ते जे सांगतील त्याला 'वा, छान!' म्हणायचं. आपल्या बापाचं काय जातं?"

"असं होय!" सुपडू म्हणाला.

मग तो दुसऱ्या बँकेत गेला. तिथं एक तरुण साहेब होता. नवाच होता, त्यामुळं खरं बोलायचा. तो म्हणाला, "काका, आधीच सांगतो. तिकडं शंभराची खरेदी केली की आमचे वर साडेतीन लागतील."

सुपडू हसला. "वा, छान!"

"त्यावर पुन्हा सरकारचा कर."

"वा, छान!"

"रोख काढलीत तर त्याच मिनिटापासून व्याज."

"वा, वा! फारच छान!"

साहेबानं इकडं-तिकडं पाहिलं. हळूच उठून आत गेला. मोठे साहेब बाहेर आले. त्यांच्या मागून आणखी दोघं आले. सगळे सुपडूभोवती उभे राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत अटी ऐकून आनंदलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्याला चहा दिला. बिस्किटं दिली. जिथं बोट दाखवलं तिथं त्यानं सही केली. सुपडू घरी आला तेव्हा खिशात सोनेरी कार्ड होतं, एक विम्याचा कागद होता, आणि घरी म्हैस नसताना म्हशीचाही विमा होता.

"परत करून या!" कौतिकाबाई ओरडली. "आणि आता काहीही विचारलं तरी 'नको' म्हणायचं. गळ घातली तरी नको!"

"असं होय!"

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, "काका, कार्ड नाही आवडलं? बंद करू का?"

"नको."

"मग चालू ठेवू?"

"नको."

"मग करू तरी काय?"

"नको."

साहेब घामाघूम झाला. "थोडं पाणी घेता का?"

सुपडूला तहान लागली होती. तो एसटीत उभा राहून आला होता. पण गळ घातली तरी नको. "नको," तो म्हणाला आणि कोरड्या घशानं घरी आला.

शेवटी कौतिकाबाईनं स्वतः पदर खोचला. जाऊन सोनेरी कार्ड बंद केलं, दोन्ही विमे फाडले. मग तिसऱ्या बँकेत गेली. तिथल्या भंगाळे मॅडमना एकच गोष्ट विचारली, "बाई, तिकडं शंभराची वस्तू घेतली तर मला एकूण किती पडेल?" मॅडमनी नीट सांगितलं. इथंच रुपये देऊन सिंगापूरचे डॉलर भरून घ्यायचे, कार्डात जेवढे भरले तेवढेच खर्चायचे, वर काही नाही. कौतिकाबाईनं ते कार्ड घेतलं.

मॅडमनी सुपडूला जवळ बसवलं. "काका, तिकडचं मशीन विचारेल, पैसे रुपयात कापू की तिथल्या चलनात? रुपयाला भुलू नका. त्यात ते भाव चढवून लावतात. तिथं तुम्ही आपलं 'इथलंच' म्हणा."

"इथलंच," सुपडू म्हणाला.

सिंगापूरला लेकीच्या दारात पोचला तेव्हा त्याला कडकडून भूक लागली होती. प्रतिभानं विचारलं, "आप्पा, भरीत-भाकरी टाकू, की इथलं काही खाता?"

सुपडूच्या तोंडाला पाणी सुटलं. पण भुलायचं नाही. "इथलंच," तो म्हणाला.

त्याच्यापुढं वाटीभर शेवया आल्या. पाण्यात पोहत होत्या. वर कसला तरी आठ पायांचा प्राणी बसला होता. तो सुपडूकडे बघत होता. कौतिकाबाई शेजारी बसून भरीत-भाकरी खात होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. सुपडूच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेव्हा कुठं लेकीनं विचारायचं सोडलं.

बारशाच्या दिवशी सकाळी सुपडूला कार्ड सापडेना. त्यानं एकच बोंब ठोकली. गाद्या उलट्या केल्या. व्याह्यांच्या पेटीत हात घातला. विहीणबाईंना उभं करून त्यांची खुर्ची झाडली. बाळ जागं झालं ते रडायचं थांबेना. कार्ड त्याच्या सदऱ्याच्या खिशात निघालं.

कौतिकाबाईचा चेहरा शरमेनं लाल झाला. तिनं त्याला कोपऱ्यात घेतलं. "अहो, काही हरवलं की असा तमाशा करायचा नाही. शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. कार्डामागं नंबर आहे. तिथं फोन लावायचा नि सांगायचं, हरवलं म्हणून. पुढचं ते बघून घेतात."

"असं होय!" सुपडू म्हणाला.

मग दोघं पाळणा घ्यायला गेले. दुकान केवढं! दुकानाच्या पोटात दुकानं. पाळणा मिळाला. शिसवी रंगाचा, वर लाकडी पोपट झुलणारा. सुपडूनं त्यावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले. कौतिकाबाई म्हणाली, "इथंच थांबा. मी दुपटी बघून येते."

ती गेली. गेली ती येईना. सुपडूनं मान उंच करून पाहिलं. सगळीकडं माणसंच माणसं, कौतिका कुठं नाही. तो हाक मारणार होता. पण तमाशा करायचा नाही. त्यानं कार्ड काढलं आणि मागच्या नंबरवर फोन लावला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" एक गोड आवाज आला.

"हरवली हो!" सुपडू म्हणाला.

"घाबरू नका, सर. आपल्याच नावावर आहे ना?"

"लग्नापासून."

मुलगी समोरचा कागद वाचत होती. गिऱ्हाईक कशाबद्दल बोलतंय, हे विचारायची तिला सवय नव्हती; तो 'हरवली' म्हणाला, म्हणून तीही 'ती'च म्हणत होती. "शेवटचा व्यवहार कुठं झाला?"

"दुपट्यांकडं गेली होती. घासाघीस चालली असेल."

"सर, दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर नुकसान होऊ शकतं."

"हो. त्या माणसाचं."

"तर मग बंद करू का?"

सुपडू गोंधळला. "बंद म्हणजे? अगदी बोलणंसुद्धा?"

"पूर्ण बंद, सर. आणि नवी आठवड्याभरात आपल्या गावच्या पत्त्यावर येईल. मोफत."

सुपडूला कौतिका आठवली. तिचं भरीत आठवलं. त्याला हुंदका आला. पण पुढचं ते बघून घेतात, असं तिनंच सांगितलं होतं. "करा," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

"झाली, सर. जुनी सापडली तरी ती आता चालणार नाही."

फोन ठेवतो तोच समोरून कौतिकाबाई आली. काखेत दुपट्यांचा गठ्ठा.

सुपडू दोन पावलं मागं सरला. "तू... चालतेस?"

"चालतेस म्हणजे? दोन जिने चढून आले! चला, पैसे द्या."

सुपडूनं कार्ड मशीनवर ठेवलं. मशीन ओरडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा ओरडलं. दुकानातल्या बाईनं मान हलवली. पाळणा तिथंच राहिला, पोपटासकट. दुपटीही राहिली.

संध्याकाळी कौतिकाबाईनं आपलं नऊवारी लुगडं काढलं आणि दिवाणखान्यात झोळी बांधली. बाळ त्यात असं गाढ झोपलं की बायांनी गाणी हळू आवाजात म्हटली. व्याही-विहीण, किरणरावांचे मित्र, सगळे कौतुक करत होते. तरी विहीणबाईंनी विचारलंच, "पाळणा आणायला गेला होतात ना?"

कौतिकाबाई खालमानेनं म्हणाली, "अहो, कार्डच बंद पडलं. कसं पडलं, देव जाणे."

"तेच मला कळत नाही," सुपडू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी कार्डाचं नावसुद्धा काढलं नाही. मी तर हिला बंद करायला सांगितलं होतं."

विहीणबाईंनी कौतिकाबाईकडं वळून पाहिलं.

"पण तुम्ही काळजी करू नका, विहीणबाई," सुपडू म्हणाला. "नवी आठवड्याभरात घरी येतेय. फुकट."