न उघडलेली पत्रं

"मग ते एकसष्ट जण मेले का रे?"

तातोबा गुरवांनी विचारलं, तेही मान वर न करता. सकाळचं वादन उरकून ते सनईची पत्ती तासत बसले होते.

"मेले नाहीत, तात्या. पण उघडतच नाहीत. सात महिने. चौदा पत्रं."

सौमित्र खळदकर त्यांच्यासमोर फोन धरून बसला होता. भैरोबाच्या देवळाच्या दरवाजावरचा तो नगारखाना, जेमतेम चार माणसं मावतील एवढी खोली. वाजवणारा खालून दिसत नाही आणि खालचं कोणी वरून दिसत नाही.

सौमित्र रॉटरडॅमला संगीत शिकून परतला होता. कुठल्याच कंपनीशी करार करायचा नाही, आपलं संगीत आपणच काढायचं, हा त्याचा बाणा. वर्षापूर्वी त्यानं समाजमाध्यमांवरची सगळी खाती एका दिवसात बंद केली. कुणाचं गाणं कुणापर्यंत पोचवायचं ते तिथं एक यंत्र ठरवतं, आणि त्या यंत्रापुढं नाचत राहणं त्याला नको होतं. त्यापेक्षा सरळ माणसाला पत्र. एका गुरुवाराआड एक ईमेल, त्यात एक नवी रचना आणि चार ओळी. ज्यांनी आपणहून पत्ता दिला, त्यांनाच.

"हा माझा सत्याग्रह आहे," असं तो तात्यांना एकदा म्हणाला होता.

"असं का? मग उपास कधी धरतोस?" तात्यांनी विचारलं होतं.

आज मात्र तो चेष्टेच्या मनःस्थितीत नव्हता.

"दोनशे चार माणसं आहेत यादीत. त्यातली एकसष्ट फुकटची पहिली रचना घेऊन गप्प बसलीत. आज काढून टाकतो सगळ्यांना. एक बटण दाबायचं, संपलं."

"उघडत नाहीत हे तुला कसं कळलं?"

"पत्रात एक चित्र असतं. डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक. पत्र उघडलं की ते मला सांगतं. कोणी उघडलं, किती वाजता, किती वेळा."

तात्यांचा चाकू थांबला.

"म्हणजे दोनशे चार घरांत पत्र टाकायचं आणि दाराआड उभं राहून बघायचं, कोण फोडतंय."

"मी नाही उभा राहत. यंत्र सांगतं."

"म्हणजे उभं राहायला गडी ठेवलायस."

सौमित्रनं ओठ चावला. म्हाताऱ्याला काय कळणार, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

"आणि जे उघडतात," तात्यांनी विचारलं, "त्यांच्यावर तरी खूश आहेस ना?"

"एकजण आहे, प्रत्येक पत्र नऊ-नऊ वेळा उघडतो."

"बघ की! केवढं प्रेम."

"कसलं प्रेम? चाल चोरत असणार."

तात्या हसले. खोकला येईपर्यंत हसले.

सौमित्रला ते हसणं लागलं. त्यानं फोन पुढं केला, यादी खाली सरकवली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"सांगायचं नव्हतं, पण हे बघा. तुमची सुलोचना. दिवाळीला इथंच बसून म्हणाली, 'किती मनापासून लिहितोस रे.' चौदातलं एकही उघडलेलं नाही. तोंडावर गोड बोलायचं आणि..."

तो थांबला. उशिराच थांबला.

"माझी लेक खोटं बोलते म्हणतोस?"

"मी नाही म्हणत. हे..."

"गडी म्हणतोय."



तात्यांनी पत्ती उजेडात धरून पाहिली.

"रॉटरडॅमला तुझ्या खोलीच्या वर एक म्हातारा राहायचा," ते सावकाश म्हणाले. "तू रियाज सुरू केलास की तो जमिनीवर काठी आपटायचा. तुला वाटायचं, त्याला त्रास होतोय. म्हणून तू उशीत तोंड खुपसून गायचास. मग एक दिवस तो गेला, आणि त्याची बहीण तुला म्हणाली, तो ताल धरायचा."

सौमित्र त्यांच्याकडं पाहत राहिला. हे त्यानं नवव्या पत्रात लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला कधीच सांगितलं नव्हतं.

"सुली शुक्रवारी शाळा सुटली की फोन करते. वाचून दाखवते. त्या पत्राला मधेच थांबली होती. मला वाटलं, फोन कट झाला."

"पण मग इथं..."

आणि त्याच्या लक्षात आलं. सुलोचना शिकवायची ती शाळा डोंगरातल्या वाडीत होती. तिथं फोन कसाबसा लागायचा, इंटरनेट नावालाच. तिनं फोनमध्ये चित्रं बंद करून ठेवली असणार, नुसती अक्षरं उतरवून घेत असणार. बारीक चित्र उघडलंच नाही, तर ते सांगणार काय?

"ठीक आहे," तो म्हणाला. आवाज चढला होता. "सुलोचनाताई वाचतात. बाकीच्या साठांचं काय? त्यांच्यातलं कोण वाचतंय आणि कोण नाही, हे मला कसं कळणार?"

तात्या उत्तर देणार, एवढ्यात खालून पुजाऱ्यानं घंटा दिली. नैवेद्याची वेळ झाली होती.

गेले आठ महिने सौमित्र इथं एकच काम करत होता. तात्या सनई वाजवायचे आणि तो त्यांच्या मागं बसून दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचा. एकच स्वर, वादन संपेपर्यंत, श्वास न तोडता. या घराण्यात सूर धरण्यात पाच-पाच वर्षं जातात.

सवयीनं त्यानं सुराच्या सनईकडं हात केला.

ती तिथं नव्हती. तात्यांनी ती स्वतःकडं घेतली होती. आपली सनई त्यांनी सौमित्रच्या मांडीवर ठेवली आणि उठून त्याच्या मागं जाऊन बसले.

"मी?"

"नैवेद्य थांबत नाही."

त्यानं वाजवलं. सुरुवातीला चाचरत. दोनदा त्याची जागा चुकली. तिसऱ्यांदा फुंक फाटली आणि आता सगळं कोसळणार असं त्याला वाटलं... पण पाठीमागं सूर होता. तो पुढं सरला नाही, मागं हटला नाही, त्यानं दादही दिली नाही आणि टोकलंही नाही. वळून पाहण्याची सोय नव्हती. हळूहळू वळून पाहावंसं वाटेनासं झालं.

वादन संपलं. सौमित्रचा सदरा घामानं भिजला होता.

फोनवर ती यादी अजून उघडीच होती. एकसष्ट नावं, आणि खाली लाल बटण. त्यानं ती बंद केली. नावं जिथल्या तिथं राहिली.



"तात्या... एक सांगायचंय."

"हं."

"सोमवारी मी सूर सोडला होता. मधेच. मुद्दाम. तुम्ही ऐकता की नाही, ते बघायला."

"ऐकलं की."

सौमित्रचा चेहरा उतरला.

"मग बोलला का नाहीत?"

तात्यांनी दोन्ही सनया पुसल्या आणि कापडात गुंडाळल्या.

"चुकला असतास तर बोललो असतो."