सुट्टीच्या दिवसाची उंबरं

त्या राज्यात सगळे जण रोज काही ना काही विकत असत. सुगरण विणलेली घरटी विकी, अस्वल मध विकी, साळिंदर कंदमुळे विकी, आणि एकाने दुकान उघडे ठेवले की शेजाऱ्याला आपले बंद करायचा धीर होत नसे. बाजाराला शेवटची सुट्टी कधी मिळाली होती, हे म्हाताऱ्या कासवालाही आठवेनासे झाले. मग एके दिवशी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता साळिंदराला उभ्याउभ्या झोप लागली आणि ते त्या गिऱ्हाइकाच्याच अंगावर कलंडले. काटे काढायला दुपार गेली. त्यानंतर पंचमंडळाने कायदा केला: दर सातव्या दिवशी आणि प्रत्येक कुळाच्या मोठ्या सणाला सर्व दुकाने बंद.

कायदा पाळला जातो की नाही हे पाहायला दाजिबा धनेशाची नेमणूक झाली. त्याचा आवाज दूरवर जाई, आणि मुख्य म्हणजे त्याला लिंपण येई. धनेशांमध्ये मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत बसली की ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेतात, चोच जाईल एवढीच फट ठेवतात, आणि नर त्या फटीतून तिला भरवतो. दाजिबाने हीच कला कायद्याच्या कामाला लावली. सुट्टीला उघडे दिसलेले दुकान तो लिंपून टाकी. वाळलेला चिखल तीन दिवस फुटत नसे. आत राहणाऱ्याचा जीव गुदमरू नये म्हणून तो एक फट मात्र ठेवी. कायद्यात ती नव्हती.

बाजाराच्या टोकाला मथुराबाई खारीचे उंबरांचे दुकान होते. दुकानातच तिचे घर. नवरा गेलेला, मुले दूरच्या रानांत पांगलेली. पहिल्या सुट्टीला सगळे आपापल्या गोतावळ्यात गेले. मथुराबाईने सकाळपासून उंबरांची रास चारदा मोडून पुन्हा रचली आणि दुपारी दार वीतभर उघडले.

"मथुराबाई, दार उघडं दिसतंय," दाजिबा म्हणाला.

"वारा यायला ठेवलंय, साहेब."

"आणि ही टोपली बाहेर?"

"उंबरांना नको का वारा?"

दाजिबाने समज दिली. पुढच्या सातव्या दिवशीही तेच झाले.

"कुणी आलं होतं का घ्यायला?" त्याने विचारले.

"कोण येणार? सगळे घरी आहेत."

हे त्याने ऐकले, पण अहवालात दार उघडे होते एवढेच लिहिले.

तिसरी सुट्टी बगळ्यांच्या सणाची. त्या दिवशी मथुराबाई दार सताड उघडून दारातच बसली होती.

"दोनदा सांगून झालं," दाजिबा खाली मान घालून म्हणाला. "आता मला लिंपावं लागेल."

"लिंपा की. तेवढा वेळ कुणी बोलायला तरी असेल."

तो लिंपू लागला. ती आतून सूचना करत राहिली. "इथे पातळ राहिलंय बघा. हां, आता बसलं." फट ठेवून तो निघाला तेव्हा दोघांनाही जरा वाईट वाटले.

उन्हे कलताना तो आपल्या झाडाशी आला. ढोलीच्या फटीतून त्याच्या बायकोची, अनसूयेची, चोच बाहेर आली. दोन दिवसांपूर्वीच तिची दोन पिले अंड्यांतून निघाली होती.

"अहो, आज काहीच नाही आणलं?"

सणाला बाजार बंद म्हणून लोकांनी आदल्या दिवशीच झाडे ओरबाडून घरे भरली होती. दाजिबा मात्र दोन्ही दिवस दवंडी देत आणि दारे तपासत फिरला होता. येताना उंबराची पाच झाडे धुंडाळली, पाचही रिकामी.

"सगळं बंद आहे," तो म्हणाला. "मीच बंद केलंय."

"मग तुम्हीच सांगा पिलांना, की आज सण आहे."

आतून बारीक चिवचिव येत होती. दाजिबा तसाच माघारी उडाला.

मथुराबाईच्या दारावरचा चिखल अजून ओला होता. तो फटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी. दाजिबा. घरी पिलं उपाशी आहेत, मथुराबाई. पण आज मी विकत मागू शकत नाही."

"आणि मी विकू शकत नाही," ती म्हणाली. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "सणाला दारात आलेल्याला काही विकतं का कुणी? चोच पुढे करा, भाऊ."

फटीतून एक उंबर आले. मग दुसरे. लाल, मऊ, वेचून ठेवलेली. घशात मावतील तितकी त्याने भरून घेतली. आभार मानायलाही तोंड मोकळे राहिले नाही.

पिले खाऊन निजली, तेव्हा अनसूयेने सगळी हकीकत विचारून घेतली आणि ती म्हणाली, "त्यांना माझा निरोप द्या. म्हणावं, मला इथून हलता येत नाही, पण बोलायला मी मोकळी आहे."

दाजिबाने दुसऱ्याच दिवशी फटीतून निरोप पोचवला. मथुराबाईने तो दोनदा ऐकून घेतला.

पुढच्या सातव्या दिवशी दाजिबा फेरीला निघाला. मधाचे दुकान बंद, कंदमुळांचे बंद, घरट्यांचे बंद. टोकाचे दुकान त्याने मुद्दाम शेवटी ठेवले होते, आणि तिथे काय बोलायचे हे वाटेत दोनदा जुळवून पाहिले होते. पण मथुराबाईचे दारही बंद होते. त्याने हाक मारली. आत हालचाल नाही. काळजी वाटून त्याने चोचीने दार ठोठावले, कान लावला, पुन्हा ठोठावले.

मग त्याचे लक्ष कडीकडे गेले. ती बाहेरून घातलेली होती.