निम्मी हाक

फार मागं, माणसाला मधाची चव कळायच्या आधी, जांभळीच्या फांदीवर एक पोळं होतं. भिंगरी नावाची म्हातारी माशी हाक द्यायची, "बांधा गं!" घरं पुरेशी झाली की म्हणायची, "पुरे गं!"

एकदा मधाच्या वासानं एक पतंग पंख मिटून आत शिरला नि कोपऱ्यातून "बांधा गं, बांधा गं" करत सुटला. माश्या बांधतच राहिल्या. पोळं सुजलं, फांदी करकरू लागली.

"अगं, चोर ओरडतोय!" भिंगरी म्हणाली.

"चोराला आपली हाक कशी येईल, आजी?" एका माशीनं विचारलं.

भिंगरीला आठवलं. तिच्या आजीच्या काळी ह्या पतंगाचाच पणजा मध चोरायला आला होता, नि जाताना हाकही घेऊन गेला होता, निम्मीच.

"हाक आपलीच आहे गं, शेवट तेवढा सांडलाय," म्हणत ती जीव खाऊन ओरडली, "पुरे गं!"

माश्या थांबल्या. पतंगाला मात्र थांबता येईना.