डाव्या पायाची मोजडी

एका राज्यात सुवेगसेन नावाचा राजा होता, आणि त्याला सगळ्याचीच घाई होती. घंटा वाजण्याआधी तो दरबारात, ताट वाढण्याआधी पाटावर. असल्या माणसाच्या घरी देवाने लेकरू द्यावेच कशाला, असे मला तरी वाटते. पण दिले खरे. तिचे नाव कुमुदिनी, वय वर्षे तीन.

दसऱ्याची सकाळ होती. हत्ती सजला होता, सरदार खोळंबले होते, आणि राजकन्या उंबऱ्यावर बसून मोजड्या घालत होती. राजाने दासीला खूण केली. दासीने झटक्यात मोजडी चढवली. पोरीने भोकाड पसरले, लोळण घेतली, टाचा आपटल्या. सरदार मिशीत हसले. राजा शरमेने लाल झाला.

तेव्हा कालकंठ जादूगार पुढे झाला. "महाराज, हे रडे माझ्या गडूत देता का?"

"घेऊन जा," राजा म्हणाला.

भागू दाई आडवी आली. "नका महाराज! तिला बोलून सांगता येत नाही, ते ती रडून सांगते."

राजाने रडे दिलेच, वर दाईला सीमेपार धाडले. कालकंठाने गडू उघडला, रडे आत शिरले, आणि त्याने गडूचे तोंड मेणाने बंद केले.

पोर गप्प झाली. पाय पुढे कर म्हटले की करी, नीज म्हटले की निजे. किती गुणी मुलगी, असे जो तो म्हणू लागला. गावोगावचे आईबाप आपापली लेकरे घेऊन कालकंठाच्या दारी रांगा लावू लागले. पुढल्या दसऱ्याला बोटभर मोठ्या मोजड्या शिवून आल्या, त्या तिला सैल झाल्या. त्याच्या पुढल्या दसऱ्याच्याही सैलच. असे पाच दसरे गेले आणि पाच जोड फळीवर कोरे राहिले. कुमुदिनी हसली नाही, रुसली नाही, तिळभर वाढलीही नाही.

राजा त्या फळीपुढे बसून राहिला. तेव्हा खिडकीत एक साळुंकी आली आणि बोलली.

"राजा, तीन कामे कर. मुलीला चालवत कालकंठाच्या डोंगराशी ने. कडेवर घेऊ नकोस. ती त्या दिवशी का रडली, ते शोध. मग हजार गडूंतून तिचा गडू ओळख. चुकीचा उघडलास तर तिचे रडे कायमचे गेले."

"का रडली? मला ठाऊक नाही."

"तू विचारलेच नव्हतेस," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

राजा मुलीचे बोट धरून निघाला. डोंगर विचित्र होता. राजाने पाऊल लांब टाकले की तो कोसभर मागे सरे. सात दिवस राजा चालला आणि डोंगर होता त्याहून दूर गेला. आठव्या दिवशी त्याने खाली पाहिले आणि तिच्या पावलाइतके पाऊल टाकले. डोंगर जागीच थांबला.

वाटेत दाईची झोपडी लागली. राजाने हात जोडून विचारले, "दाई, कुमुदिनी त्या दिवशी का रडली?" दाईने कानाला हात लावला. वयाने तिचे कान गेले होते. त्याने तीनदा विचारले, ओरडून विचारले. शेवटी त्याने पिशवीतून त्या दिवशीच्या मोजड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

म्हातारीचे डोळे भरून आले. "सतरा दिवस शिकत होती, महाराज. तुम्हाला दाखवायचे होते तिला. उजवी घालून झाली होती. डावीच राहिली होती. दासीने घातलेली डावी तिने भिरकावली. उजवी नाही काढली. ती तिची तिने घातली होती."

राजाने डावी मोजडी उचलून हातात धरली. फक्त एक मोजडी! तेवढा वेळ हत्ती उभा राहिला असता.

दाईही सोबत निघाली आणि तिघे डोंगरावर पोहोचले. गुहेत हजार गडू मांडलेले होते. "ओळखा महाराज," कालकंठ हसला. "आपलेच मूल आहे." राजाने एकेका गडूला कान लावला. कुणी भुकेने रडत होते, कुणी भीतीने, कुणी झोप आली म्हणून. पूर्वी त्याला सगळे रडणे एकच वाटे. आता त्याने एकेक रडणे शेवटपर्यंत ऐकले. सहाशेव्या गडूत हुंदक्यांच्या मध्ये टाचा वाजत होत्या: एक मोजडीची, ठक्, एक अनवाणी, थप्.

राजाने मेण फोडले.

कुमुदिनी अशी रडली की गुहा हादरली. हजारही गडू तडकले, रडी आपापल्या गावी उडून गेली, आणि त्या कल्लोळात कालकंठ धुरासारखा विरून गेला. राजाने तिला गप्प बस म्हटले नाही. दाईला काही ऐकू येत नव्हते. तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला, हुंदका हाताला लागला, तशी ती म्हणाली, "रडतेय. बरी झाली."

त्या वर्षी दसऱ्याला पुन्हा हत्ती सजला. राजाचे केस पांढरे झाले होते. गेलेली पाच वर्षे कुणी परत दिली नाहीत, आणि त्याने मागितलीही नाहीत. कुमुदिनी उंबऱ्यावर बसली होती. उजवी मोजडी चढली. डावी तिने उलटी धरली. राजाचा हात नकळत पुढे गेला. त्याने तो मागे घेतला आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. सरदार उभे होते, हत्ती उभा होता.

बऱ्याच वेळाने मोजडी चढली. तिने पाय वर करून दाखवला.

"बाबा, बघा."

"बघतोय," राजा म्हणाला, आणि त्याला रडू कोसळले.

इथे कालकंठाची जादू सरली, गोष्टही सरली. राजाच्या मनातला सल तेवढा उरला.